पाटी क्रमांक एकोणीस

एक बिल्ला उरला होता. लाल रिबिनीचा, मधे पांढरा पुठ्ठा, त्यावर छापलेलं: लाभार्थी.

मैदानात मुलींची रांग. प्रत्येकीच्या छातीवर तसाच बिल्ला, प्रत्येकीच्या हातात नवी सायकल. स्टेजवर आमच्या संस्थेचे अध्यक्ष. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं, आम्ही शिकवणारेही तेच म्हणतो. शिपायाने उरलेला बिल्ला त्यांच्यापुढे केला आणि हळूच विचारलं, याचं काय करू. भाऊसाहेबांनी तो उंच धरला. सगळ्यांना दिसेल असा.

“एक उरला बाप्पा! आता कोनाले लावाचा?” माईक चालू होता. नजर फिरत फिरत माझ्यावर आली. “मॅडमले लावा. ह्या बी आपल्या लाभार्थीच हाय. यायचा आजा आमच्या खळ्यावर झाडलोट करे. आज यायले आमी खुर्चीत बसवलं. हाय का नाई, मॅडम?”

मैदान हसलं. पालक हसले. प्राचार्य हसले. ज्यांना मी रोज शिकवते त्या मुलीही हसल्या. शिपाई पिन घेऊन आला. मी पदर पुढे केला. स्वतः केला. मग भाऊसाहेबांनी माईक माझ्या तोंडापाशी आणला.

मी म्हणाले, “धन्यवाद, भाऊसाहेब.”

हे आधी लिहून टाकते. पुढचं लिहिताना मी स्वतःला शूर करून घेईन, अशी मला भीती आहे.

मी बारावीला राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मी शिक्षिका, नाही घेतला तर कोणी नाही. अनसिंगहून निघायचं, वाशिमला गाडी बदलायची, केनवडच्या पलीकडे उतरून पायी शाळा गाठायची. तीन वर्षं हेच. हे गाव माझ्या आजोबांचं. बौद्ध झाल्यावर त्यांनी खळ्यावरचं काम सोडलं आणि गावही सोडलं. बाबा अनसिंगला वाढले. भाऊसाहेबांना हे सगळं माहीत आहे. फक्त ‘सोडलं’ एवढंच ते स्टेजवर विसरले.

मी पत्रकांवर वाढले. ही शोभेची गोष्ट नाही. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मोर्चाची, मेळाव्याची, मजुरीवाढीची, जयंतीची. बाबा ती आठवडी बाजारात वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. दुसरी पोरं अ अननसाचा शिकली. मी आ आवाहनाचा शिकले, नि निषेधाचा शिकले. सहावीत असताना मी मोर्चाचं पत्रक धडाधड वाचून दाखवायचे आणि शेजारच्या बाया म्हणायच्या, “हे पोट्टी वकील होते बघा.”

त्या पोट्टीने माईकवर धन्यवाद म्हटलं.

त्याच आठवड्यात मी घटक चाचणीचे पेपर तपासले होते. पहिला प्रश्न सोपा. नागरिक म्हणजे काय? पुस्तकात व्याख्या आहे, बहुतेकांनी ती अर्धीमुर्धी उतरवली होती. प्रणालीने उतरवली नव्हती. तिने लिहिलं होतं:

‘ज्याचे नाव यादीत आले तो नागरिक. ज्याचे नाव आले नाही तो अपात्र नागरिक. त्याने पुन्हा कागदपत्रे जोडावी.’

मी शिक्षकखोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. मग लाल पेनने काट मारून शून्य दिलं.

प्रणाली हुशार मुलगी आहे, पण तिचं बोलणं आडवं. ती माझ्या समाजाची नाही. ती भाऊसाहेबांच्याच भावकीतली. आडनाव एकच, पण त्यांचं वावर नदीपर्यंत आणि हिच्या बापाचं दोन एकर, तेही बरड. भावकीच्या लग्नात हिची आई पंगतीत नसते, चुलीपाशी असते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला ती फक्त चुकीचं उत्तर लिहिणारी मुलगी वाटली.

सायकलवाटपाच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. मागच्या बाकावर मंगेश बसतो. वर्ग हसवायची जबाबदारी त्याने अकरावीतच घेतली आहे.

“मॅडम, तुमची सायकल कुठी हाय?”

वर्ग फुटला. मीही हसल्यासारखं केलं. मग प्रणाली उभी राहिली. हातात चाचणीचा पेपर.

“मॅडम, माहं उत्तर चूक हाय का?”

“चूक आहे. नागरिक यादीने ठरत नाही. हक्काने असतो. कोणी दिलं म्हणून नसतो.”

“मंग काल तुमी धन्यवाद काहून म्हनलं?”

कोणी हसलं नाही. मंगेशसुद्धा नाही. मी म्हणाले, “पुस्तक उघडा. पान चौऱ्याऐंशी.” आणि अप्रत्यक्ष कर शिकवायला लागले. फळ्याकडे तोंड करून. तास संपेपर्यंत मी मागे वळले नाही.

घरी गेल्यावर बाबांना सांगितलं. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“अन् तू काय म्हनलं?”

“धन्यवाद म्हटलं.”

बाबा उठले. माठातून पाणी घेतलं. पाणी पिऊन तांब्या पालथा ठेवला आणि बाहेर जाऊन बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मला भाऊसाहेबांचा राग येत होता, पण त्याहून जास्त एका गोष्टीचा येत होता. तीन वर्षं मी पोरांना संसद शिकवली, ग्रामसभा शिकवली, मूलभूत हक्क तोंडपाठ करून घेतले. त्यांनी एकही शब्द खरा मानला नव्हता. का मानावा? पुस्तक एक सांगतं आणि शाळेचं मैदान दुसरं सांगतं. पुस्तक सांगणारी बाई मैदानात पदर पुढे करते. त्या पोरीने गावात जे पाहिलं ते इमानदारीने लिहिलं. मी जे पाहत होते ते मला दिसतही नव्हतं. आणि शून्य तिला.

बारावीला प्रकल्प असतो. त्याचे गुण बोर्डाच्या निकालात धरतात. दरवर्षी पोरं दुकानातून तयार प्रकल्प आणतात, लोकसंख्यावाढ नाहीतर पर्यावरण, वर झेंडूची चित्रं चिकटवतात. त्या वर्षी मी म्हणाले, तयार प्रकल्प चालणार नाही. विषय एकच. आपापल्या गावातल्या पाट्या.

“कायच्या पाट्या, मॅडम?”

“हापशावर, बसथांब्यावर, समाजमंदिरावर, रस्त्याच्या तोंडाशी. जिथे लिहिलंय की हे अमक्याच्या प्रयत्नातून, तमक्याच्या सौजन्याने, ढमक्याच्या कृपेने. पाटी जशीच्या तशी उतरवायची. मग ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं, हे काम कोणत्या निधीतून झालं. दोन्ही शेजारी लिहायचं.”

“अन् निधी कुठून आला, ते?” प्रणाली.

“ते मी शिकवते.”

मंगेशच्या दप्तरात बिस्किटाचा पुडा होता. तो मागून घेतला. यावर कर लागतो, हे दाखवलं. दुकानदार भरतो असं दिसतं, पण भरतो तो खाणारा.

“म्हंजे मी सरकारले कर देतो?” मंगेश उभाच राहिला. “माह्या आईले सांगाव लागते. थे म्हनते तू फुकटचा हाय.”

त्या दिवशी वर्ग पहिल्यांदा माझ्या विषयावर हसला.

मग पोरं सुटलीच. सोयाबीनचा भाव कोण ठरवतं? व्यापारी, पोरं म्हणाली. व्यापाऱ्याला कोण सांगतं? कोणाला माहीत नव्हतं. मी जगाचा नकाशा लावला. जहाजाने सोयाबीनचं तेल कुठून येतं, ते दाखवलं. तिकडे पीक जोरात आलं, इकडे सरकारने आयातीचा दरवाजा थोडा उघडला, की वाशिमच्या बाजार समितीत काय होतं, ते बाण काढून दाखवलं. मंगेश उठून नकाशापाशी आला.

“मॅडम, तिकडल्या झाडाले फळं लागले अन् काटा आमच्या पायात?”

“असंच काहीतरी.”

“माहा बाप उगाच अडत्याले शिव्या देऊन राह्यला.”

“अडत्यालाही दे. पण फक्त त्यालाच नको.”

पोरं ग्रामपंचायतीत जायला लागली. ग्रामसेवक चिडले. एकाने पोरांना हाकलून दिलं, तर पोरं अर्ज लिहून घेऊन गेली. मला वाटलं, आता शिकवणं सुरू झालं. मी खूश होते. खुशीत माणूस आजूबाजूला पाहत नाही.

प्रणालीच्या वहीत अठरा पाट्या झाल्या. एकोणिसावी तिच्या घरातच होती. वाटलेल्या प्रत्येक सायकलच्या पुढच्या टोपलीला एक पत्र्याची पाटी होती. त्यावर भाऊसाहेबांचा हसरा फोटो, खाली ‘सप्रेम भेट’. पत्र्याची कड धारदार. प्रणालीची ओढणी त्यात दोनदा फाटली. तिसऱ्यांदा बोट कापलं, तेव्हा तिने पान्हा घेऊन पाटी काढली. पाटीखाली टोपलीवर आधीपासून शिक्का होता. सरकारी योजनेचा. मुलींना शाळेत यायला सायकली, शासनाकडून.

तिने पाटी फेकली नाही. पाटीला कडेने भोकं होती, त्यांतून दाभणाने दोरा ओवून ती प्रकल्पवहीत शिवली. शेजारी निळ्या शाईत लिहिलं:

‘पाटी क्रमांक एकोणीस. ठिकाण: माझी सायकल. कोणी दिली असे लिहिले आहे: भाऊसाहेब. कोणी दिली: आपण सर्वांनी. मंगेशच्या बिस्किटानेसुद्धा.’

मी वीसपैकी वीस दिले. गुणांची यादी सही करून कार्यालयात जमा केली आणि पोच घेतली.

पत्र्यामुळे ती वही फुगलेली होती. कार्यालयात गठ्ठा नीट बसेना. कारकुनाने उघडून पाहिलं. तासाभरात ती प्राचार्यांच्या टेबलावर होती आणि दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांच्या मांडीवर.

मला बोलावणं आलं. प्राचार्यांच्या खोलीत भाऊसाहेब प्राचार्यांच्या खुर्चीत. प्राचार्य बाजूच्या स्टुलावर. कोपऱ्यात प्रणालीचे वडील उभे, टोपी हातात. प्रणाली त्यांच्या मागे.

प्राचार्य वाईट माणूस नाहीत. निवृत्तीला आले आहेत आणि काही होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असते. ते म्हणाले, “मॅडम, विषय वाढवायचा नाही. मुलगी माफीनामा लिहून देईल, उद्या परिपाठाला वाचून दाखवेल. नाही दिला तर हा प्रकल्प बाद. मग मुलगी या विषयात अडकेल. तुम्ही विषयशिक्षिका आहात. तुम्ही मजकूर लिहून द्या, ती सही करेल.”

प्रणाली म्हणाली, “मी नाई करत सही.”

तिच्या बापाने तिचा दंड धरला. मग माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, तुमी संध्याकाळी गाडीत बसून जासान. आमाले इथंच राहाचं हाय. भावकीत. लिवून टाका न जी.”

ते खोटं बोलत नव्हते. संध्याकाळी गाडीत बसून मी जाणारच होते. मी खाली बसले. मला कोरा कागद दिला, पेन दिलं. प्राचार्य सांगू लागले. माफीनाम्याचा नमुना ठरलेला असतो, त्यांना तो पाठ होता.

“लिहा. ‘मी खाली सही करणार, इयत्ता बारावी, लिहून देते की, माझ्या अज्ञानामुळे...’”

मी लिहीत होते. खरंच लिहीत होते. ‘लिहून देते की माझ्या’ इथपर्यंत माझं अक्षर सुरेख आलं आहे. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

“अज्ञानामुळे,” प्राचार्य पुन्हा म्हणाले.

पेन पुढे जाईना.

कशामुळे? अज्ञानामुळे? या खोलीत त्या सायकलचा सगळा हिशेब कोणाला ठाऊक असेल, तर त्या पोरीला. कर कोण भरतं तिला ठाऊक. योजना कशी येते तिला ठाऊक. पाटी कोण लावतं आणि का लावतं, तेही ठाऊक. आणि ते तिला मी शिकवलं होतं. फळ्यावर, नकाशावर, बाण काढून. तीन वर्षांत माझ्या शिकवण्यातून एक खरी गोष्ट उगवली आणि मी माझ्याच हाताने तिला अज्ञान लिहायचं. खुर्चीसाठी.

मला स्टेज आठवलं नाही. बाबा आठवले नाहीत. लोक म्हणतात, अशा वेळी काहीतरी आठवतं. मला फक्त तो शब्द दिसत होता, अजून न लिहिलेला.

“सर, हा शब्द चुकीचा आहे.”

“मग दुसरा घाला. ‘अनवधानाने’ घाला.”

“तोही चुकीचा आहे. तिने समजून केलं. दाभणाने शिवलंय, सर. अनवधानाने कोणी शिवत नाही.”

मागे प्रणालीच्या नाकातून हसू फुटल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला.

भाऊसाहेब माझ्याकडे वळून अगदी सावकाश म्हणाले, “पोरी, तुले इथं ठेवलं कोनं?”

“कोनं ठेवलं ते सोडा, भाऊसाहेब. कायले ठेवलं ते सांगा.” माझ्या तोंडून घरची भाषा निघाली. शाळेत मी ती तीन वर्षं दाबून ठेवली होती. “शिकवाले ठेवलं न? मी शिकवलं. थे शिकली. आता थे शिकली नाई असं माह्या हातानं लिवून मांगता?”

“लय बोलाले शिकली तू.”

“हो. आजा बोलत नव्हता म्हून त्यानं खळं सोडलं. मले बोलता येते, म्हून मी सोडत नाई.”

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उठले. प्रणालीच्या वडिलांपाशी थांबले. “काका, तुमची अडचण मला कळते. पण हा माफीनामा मी लिहून देणार नाही. तिचे गुण कार्यालयात जमा आहेत, माझ्याकडे पोच आहे.” ते माझ्याकडे पाहत नव्हते. टोपीची कड फिरवत होते. म्हणाले, “तुमचं बरं हाय, मॅडम.” तेवढंच. ते आजही मला बोचतं, कारण त्यात थोडं खरं आहे.

सोमवारी वेळापत्रकाच्या फळ्यावर माझं नाव नव्हतं. पुसलेलं होतं, ओल्या फडक्याने, स्वच्छ. मी प्राचार्यांकडे गेले.

“सर, मला काढलं का?”

“काढलं नाही, मॅडम. तास सध्या दुसऱ्या सरांना दिले.”

“लेखी द्या.”

“काय लेखी देऊ? तुमच्या नेमणुकीचा तरी लेखी आदेश कुठे आहे?”

मी तिथे उभी राहिले आणि मला माझाच संताप आला. नव्हता आदेश. तीन वर्षं नव्हता. पहिल्या वर्षी भाऊसाहेब म्हणाले होते, “या उद्यापासून,” आणि मी उद्यापासून आले होते. कायद्याचं राज्य म्हणजे काय, हा प्रश्न मी दर सहामाहीत घालते. व्यक्तीच्या मर्जीने नव्हे, लिखित नियमाने चालणारं राज्य. पोरांनी हे लिहिलं नाही तर मी गुण कापते. आणि मी स्वतः एका माणसाच्या ‘या उद्यापासून’वर उभी होते. पायाखाली कागद नव्हता, मर्जी होती.

सांगायला चांगलं काही नाही. प्रणालीच्या वहीचा निर्णय अजून झालेला नाही. ‘वरून विचारतो’ असं प्राचार्य म्हणतात. तिच्या सायकलवर शिपायाने नवी पाटी बसवली, आता वेल्डिंग करून. ती सायकल घरी ठेवून पायी येते. मंगेशला दुसऱ्या सरांनी वर्गाबाहेर काढलं. गावात म्हणतात, मॅडमनं भावकीत आग लावली. अनसिंगला म्हणतात, हातचं काम घालवलं पोट्टीनं. शिक्षकखोलीतल्या एका बाईंनी फोन करून सांगितलं, तुझं बरोबर आहे, पण माझं नाव कुठे घेऊ नको.

घेणार नाही. माझं नाव पुरेसं आहे.

तीन अर्ज दिले आहेत. एक शाळेला, एक शिक्षण खात्याला, एक माहितीच्या अधिकारात: तीन वर्षांच्या हजेरीपटाची प्रत द्या. त्यात रोज माझी सही आहे, पाहिजे तर मोजून घ्या. शाळेची पोच मिळाली नाही, म्हणून अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवला. पोस्टाची पावती फाइलला लावली. माझी स्वतःची पहिली फाइल.

उद्या अकरा वीसला बारावीचा अर्थशास्त्राचा तास आहे. धडा सार्वजनिक खर्चाचा. मी सकाळच्या गाडीने निघणार आहे. वर्गात जाऊ दिलं तर शिकवीन. नाही दिलं तर फाटकापाशी उभी राहीन, तास संपेपर्यंत. परवाही. तेरवाही. मला कशासाठी काढलं, ते संस्थेने कागदावर लिहावं, खाली सही करावी, शिक्का मारावा. मग मी त्या कारणाला उत्तर देईन.

तोवर मला कोणी ‘जा’ म्हणू नये. तोंडी सांगितलेलं मला आता ऐकू येत नाही.